परतीचा गुणक

कुंभकोणच्या मेलकावेरी भागातल्या त्या तंजावरी मराठी घरात सकाळची कॉफी झाली की भांडण लागायचं, आणि भांडणाचा विषय बहुतेक वेळा गणित असायचं. त्या गुरुवारीही तसंच झालं.

"अगे नित्या, का करूलीस? माझा गुणक कोठे गेला?" स्वामीनाथराव लॅपटॉपच्या पडद्याला नाक टेकवून ओरडले.

"तिथंच असेल, अप्पा. चष्मा लावा."

"चष्मा लावूनच शोधतों आहे. एक तर तू खाल्लास, नाही तर पुण्यानं."

खाल्ला होता तो पुण्यानं.

बारा वर्षांनी येणारा महामहम दोन वर्षांवर आला होता. त्या दिवशी कुंभकोणच्या तळ्यात स्नानाला लाखो माणसं उतरतात. एका वेळी तळ्यात किती माणसं सोडायची, हे ठरवायला गर्दीचं गणिती प्रतिमान करायचं काम पुण्याच्या एका सल्लागार कंपनीला मिळालं होतं. कंपनीचा इथला प्रमुख विजयराघव हा स्वामीनाथरावांचा जुना विद्यार्थी, त्यांच्यासारखाच इथला मराठी; नित्या त्याला मामा म्हणायची. "समीकरणं तुमची, स्वामीअण्णा, बाकी सगळं आमचं," असं म्हणून त्यानं कॉलेजातून निवृत्त झालेल्या गुरूला कामाला जुंपलं. नित्या चेन्नईत एका संस्थेत अर्थशास्त्रातली प्रतिमानं करायची. वर्षभराची रजा काढून तीही वडिलांच्या जोडीला आली होती.

इतर मंडळी गर्दीला पाणी समजून गणित करत. अरुंद वाट, जास्त दाब, कमी वेग, वगैरे. स्वामीनाथरावांना ते अर्धंच पटायचं. पाणी मागं वळत नाही, माणूस वळतो. मुलाचा हात सुटला, म्हातारी मागं राहिली, की पुढं गेलेला माणूस लोंढ्याच्या तोंडावर उलटा चालू लागतो. गर्दी विरळ असली तर तो निसटून जातो. दाट असली तर त्याच्याभोवती गाठ बसते आणि वाढत जाते. म्हणून समीकरणात त्यांनी एक पद घातलं होतं: शंभरातले किती जण असे वळतात त्याचा गुणक. जवळच्या गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळाच्या दाराशी एकादशीमागून एकादशी बसून त्यांनी तो काढला होता. अहवाल सगळा इंग्रजीत, पण या पदाला इंग्रजी नाव द्यायला त्यांचं मन होईना. घरातलाच शब्द त्यांनी रोमन अक्षरांत लिहून टाकला: परती. निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून मागं फिरला की त्यांच्या घरात ‘परती केली’ म्हणत.

इथंच घोळ झाला. पुण्यातला अभियंता तमिळ असता, बंगाली असता, तर त्यानं फोन करून अर्थ विचारला असता. पण व्यंकटेश मराठी. ओळखीचा शब्द बघून तो हरखला. परती म्हणजे परतीचा प्रवास! त्यानं तो गुणक तळ्यातून उचलला आणि स्नान आटोपून घरी निघालेल्या लोकांना लावला. म्हणजे रेल्वे स्टेशनला आणि बसस्टँडला.

नित्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा अप्पा इतके हसले की डबऱ्यातली कॉफी नेसलेल्या वेष्टीवर सांडली.

"तीनशे वर्षांनी देशावरचा माणूस भेटला, आणि त्यानं माझं समीकरण नेऊन बसस्टँडवर उभं केलं!"

"हसताय काय? त्याला फोन लावा."

"उद्या बैठक आहेच की. लाजवायचं नाही हं त्याला. शब्द त्याचाही आहे."

दुपारी नित्यानं परती पुन्हा तळ्यात आणली आणि गणित चालवलं. सुरक्षित संख्या एक तृतीयांशानं घसरली. अप्पांनी मान डोलावली, रात्री जेवताना बायकोकडून, सरस्वतीबाईंकडून, डांगर पच्चडी दोनदा मागून घेतली, पंखा किती वेगानं ठेवायचा यावरून लेकीशी वाद घातला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

तेरावं उरकल्यावर विजयराघव भेटायला आला. बराच वेळ तो फोटोसमोर हात जोडून उभा राहिला. रडला, खरंच रडला. मग खुर्चीत बसून म्हणाला, "प्रतिमानाला अण्णांचं नाव द्यायचं ठरलं आहे. स्वामीनाथ प्रतिमान. पुढच्या महामहमलाही तेच वापरतील. तुझी सही झाली की झालं."

सरस्वतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नित्यानं कागद घेतले, चाळले आणि विचारलं, "मामा, परती कोठे आहे?"

"आहे की."

"बसस्टँडवर आहे. चूक आहे ती. मी व्यंकटेशला कळवलं होतं."

"कळवलंस, आणि त्याला कळलंही. बिचाऱ्यानं माफी मागितली." विजयराघव खुर्चीत पुढं सरकला. "पण बघ, त्या आकड्यावर वरच्या लोकांनी आखणी करून ठेवली. तुझा आकडा धरला तर लोकांना थोपवायला आणखी तीन मैदानं हवीत. कोठून आणू? खिशातून काढू?"

"मग ही चूक नाही राहिली. सोय झाली."

"अगे, प्रतिमान म्हणजे शेवटी अदमास. अण्णाच म्हणत."

"पुढचंही म्हणत, मामा. अदमासाला थोडी लाज असावी."

विजयराघवचा चेहरा उतरला. उठता उठता म्हणाला, "सोमवारी बैठक आहे. आईचा विचार कर."

तो गेल्यावर सरस्वतीबाई फोटोची माळ उगाच सारखी करत राहिल्या. "सही करून टाक गे. नाव तर राहील त्यांचं. मला तेवढं पुरे आहे."

"आई, त्यांचंच पद काढून वर त्यांचं नाव?"

"मला पद कळत नाही. नाव कळतं."

नित्यानं कागद मिटून ठेवले. गप्प बसायची त्या घराला सवयच होती. नित्या सहा वर्षांची असताना आईच्या माहेरगावी रथोत्सवात तिचा हात सुटला होता. अंबुजाअत्या, अप्पांची धाकटी बहीण, गर्दीतून बाहेर पडून एका घराच्या ओट्यावर सुखरूप पोचली होती. तिथून तिनं वळून पाहिलं आणि ती पुन्हा आत शिरली. मुलगी लोकांच्या डोक्यांवरून हातोहात बाहेर आली. अत्या आली नाही. तेव्हापासून अंबुजाचं नाव त्या घरात श्राद्धाच्या दिवशी भटजी घेतील तेवढंच. अप्पा गर्दीवर गणित करू लागले आणि आई देवळातल्या उत्सवांना जायची थांबली. बापलेकींनी वर्षभर एका टेबलाशी बसून परतीचा गुणक दशांशापर्यंत घासला, पण दोघांपैकी एकानंही त्या दिवसाचं नाव काढलं नाही. गणितात दुःख झाकून ठेवायला जागा पुष्कळ असते.

आता मात्र नित्याला त्या झाकून ठेवण्याचाच राग आला. उद्या कोणी तो गुणक पुसला, तर तिथं काही होतं हे सांगणारं कोण उरणार?

सोमवारी ती तळ्याजवळच्या कंपनीच्या कचेरीत पोचली, तेव्हा लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. विजयराघव, पुण्याहून आलेला व्यंकटेश, आणि आखणी करणारे तीन-चार जण. विजयराघवनं अण्णांवर दोन शब्द बोलून सगळ्यांना मिनिटभर उभं केलं. मग कागद नित्यापुढं सरकवले, वर पेन ठेवलं.

नित्यानं पेन उचलून त्याच्याकडं परत सरकवलं.

"सही होणार नाही," ती आधी तमिळमध्ये आणि मग व्यंकटेशसाठी मराठीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं. "परती तळ्यात घाला, मी आत्ता सही करते. नसेल घालायची तर अप्पांचं नाव खोडा, माझंही खोडा. या आकड्याला आमच्या घरातलं नाव मिळणार नाही. आणि आमचा आकडा कोणता होता, तो का घसरला, हे मी माझ्या नावानं छापणार आहे. महामहमच्या आधी."

"ही धमकी आहे का?" टेबलाच्या टोकाचा एक जण म्हणाला.

"सूचना आहे. धमकी द्यायला माझ्याकडं मैदानं नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. विजयराघवनं कपाळ चोळलं. व्यंकटेश मात्र मघापासून मनात काहीतरी घोळवत होता. मुलगा सरळ होता.

"ताई, शब्दाची चूक माझी. ती कबूल," तो मराठीत म्हणाला. "पण गणिताचं विचारतो, राग मानू नका. गोविंदपुरमची गर्दी शांत असते. तिथं माणूस चपलेसाठीसुद्धा मागं वळेल. महामहमच्या रेट्यात कोण वळणार? जो तो आपला जीव वाचवणार. तुम्ही अर्थशास्त्रातल्या, तुम्हीही माणूस आपलं हित बघतो असंच धरता ना? मग बाहेर सुखरूप पोचलेला माणूस पुन्हा त्या रेट्यात शिरतो, हे कशावरून? एक तरी नोंद आहे?"

विजयराघवनं प्रश्न तमिळमध्ये सांगितला, तशा टेबलाभोवती माना हलल्या. प्रश्न चांगला होता. तिच्या व्याख्यानात कोणी विचारला असता तर तिनं दाद दिली असती.

विजयराघवनं मान वर केली. त्या घरी कॉलेजच्या दिवसांपासून जेवलेला माणूस तो. त्याला उत्तर ठाऊक होतं. "नित्या," तो हलक्या आवाजात म्हणाला, "नको गे. हिकडे नको."

"हिकडेच, मामा." नित्या उभी राहिली. ती घरच्या मराठीत बोलू लागली. इतरांना मागाहून तमिळमध्ये सांगता आलं असतं.

"नोंद आहे, व्यंकटेश. माझी अत्या होती, अंबुजा. ओट्यावर पोचली होती ती, अंगाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मी आत राहिलें म्हणून ती वळली. मी वाचलें, ती मेली. तुम्ही जो गुणक शून्य करताय ना, ती माझी अत्या आहे."