कम्फर्टेबलच्या पोटातला किल्ला
सगळी गल्ली त्यांना शब्दमास्तर म्हणायची. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, पण शब्दांची खोड काही गेली नाही. इंग्रजी शब्द दिसला रे दिसला, की हे त्याचं कूळ काढायला बसणार. एकदा बायकोच्या पोटरीत गोळा आला, तर शेकायची पिशवी शोधायची सोडून सांगत बसले, की 'मसल' म्हणजे मुळात छोटा उंदीर, कातडीखाली पळतो म्हणून.

"अहो, मग त्या उंदराला जरा चोळा तरी!" ती कळवळत म्हणाली. चोळता चोळता दोघंही हसत सुटले.

आता तीच बायको इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर होती. पोटातला आजार यकृतात पोचला होता. परदेशातली लेक रोज फोन करून एकच विचारायची, "बाबा, मी निघू का?" तिचं बाळ तान्हं, त्यात तापलेलं. मास्तर म्हणायचे, डॉक्टर काय सांगतात ते बघू.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बोलावलं. "औषधं आता थांबवतोय," त्या हळूच म्हणाल्या. "यापुढे आम्ही त्यांना कम्फर्टेबल ठेवू."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कम्फर्टेबल! हा तर त्यांचा लाडका शब्द, वर्गात कितीदा फळ्यावर फोडून दाखवलेला. गादी-उशीचा, आरामाचा अर्थ फार नंतरचा. शब्दाच्या पोटात 'फोर्ट' आहे, किल्ला आहे! मूळ अर्थ बळ देणं. औषधं थांबली, म्हणजे आजार हटला. आता नुसती ताकद भरून काढायची. माणसाला जे हवं असतं ते तो कुठूनही खणून काढतो, आणि मास्तरांकडे तर कुदळ घरचीच होती. डॉक्टरीणबाई आणखी काही सांगणार होत्या, पण हे आभार मानून फोन करायला जिन्याकडे निघालेसुद्धा.

"काय म्हणाले डॉक्टर?" लेकीने विचारलं.

"औषधं थांबवली. आता तिला बळ देणार आहेत."

"खरंच? मग बाळाचा ताप उतरला की येते. चालेल ना?"

"सावकाश ये गं. उगाच धावपळ करू नकोस."

त्यानंतर बायको झोपूनच असायची. अंगात ताकद कधी येईल, असं मास्तरांनी नर्सला विचारलं. तिने चादर सारखी केली. एका सकाळी मास्तर चहा पिऊन वर आले, तर खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाळाला खांद्यावर घेऊन ती आईच्या पलंगावर बसली. मग म्हणाली, "बाबा, बळ देणार म्हणाले होते ना? नक्की काय म्हणाले होते? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"कम्फर्टेबल ठेवू, म्हणाले."

लेकीने डोळे मिटून घेतले. "करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा डॉक्टर असं म्हणतात, बाबा. जाताना त्रास होऊ नये, एवढंच बघतात."

"पण त्या शब्दाचा मूळ अर्थ..."

"अर्थ कशाला सांगितलात मला?" तिला हुंदका आवरेना. "नुसता शब्द सांगितला असतात, तर मी त्याच दिवशी निघाले असते."