दमलेले ससाणे

हात्सुएने दुर्बिणीचं तोंड आभाळावरून पुन्हा समुद्राकडे वळवलं. शेजारी बसलेल्या झेन्कोकाकांनी ते पाहिलं. तिच्या वाटणीचं आभाळही तेच मोजू लागले.

इराबू बेटावरच्या या टेकडीवर दर शरदात दोघं मिळून ससाणे मोजत. दक्षिणेला निघालेले थवे रात्रीपुरते इथल्या झाडांवर टेकत. यंदा मात्र वादळात तिचा नवरा तोमोनोरी मासेमारीच्या होडीसकट बेपत्ता झाला होता आणि कालपासून शोधही थांबला होता. शेजारणी डबे घेऊन सांत्वनाला जमल्या, तेव्हा जिवंत माणसाचं सुतक मी धरणार नाही, असं सांगून ती सरळ इथे निघून आली होती.

वारा उलटा होता. ससाणे दमून लाटांना लागूनच येत होते. दुपारी त्यांतले काही एकाएकी खाली उतरले, ते वर आलेच नाहीत.

"काका, ते पाण्यावर बसले."

"पाण्यावर नाही गं बसत ते, पोरी. त्यांना टेकायला काहीतरी..."

काका बोलता बोलता थांबले. हात्सुए तोवर उतारावरून धावत सुटली होती.

बंदरावर तिचा दीर योशिकात्सू जाळी आवरत होता. जागरणाने त्याचे डोळे सुजले होते. ससाणे कुठे उतरले ते तिने सांगितलं, तेव्हा तो भाग आम्ही दोनदा पिंजून काढलाय, असं तो म्हणाला. ती त्याच्या होडीत जाऊन बसली.

"उतरा, वहिनी. मी जातो," तो हळूच म्हणाला. "काही सापडलंच, तर ते तुम्ही बघायला नको."

ती उतरली. काका मागोमाग येऊन पोचले आणि त्यांनी त्याला दिशा दाखवली.

संध्याकाळी तो परतला, तेव्हा मागे दोराने बांधलेली एक उपडी होडी होती. तोमोनोरीचीच.

"आत कोणी नव्हतं," योशिकात्सू जमिनीकडे बघत म्हणाला. मग अंगातून काढलेल्या सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने पुढे केलं. "होडीच्या बुडावर ससाणे बसले होते. बाकीचे उडाले. याला उडवेना."

हात्सुएने ससाणा हातात घेतला. वजन असं नव्हतंच, नुसती धडधड. भोवती माणसं जमली होती. आता ही हंबरडा फोडणार, म्हणून एकीने तिला धरायला हातही पुढे केला होता.

"हा खातो काय, काका?"

"नाकतोडे," काका म्हणाले.

सदऱ्याचं गाठोडं तिने त्यांच्या हाती दिलं आणि ती बंदरामागच्या उसाच्या शेतात शिरली. अंधार पडेपर्यंत ती बांधाबांधाने वाकून गवत चाचपत राहिली. तिला कोणी हाक मारली नाही.