अर्धा फेरा सैल

टोमॅटोचे रोप कमरेएवढे झाले की त्याला टेकू लागतो.

जुन्या पाकिटाची कापलेली पट्टी, बोटभर रुंद.

वाळुंजाच्या झुडपात उभा असलेला मूस शिंगे हलवीपर्यंत दिसत नाही.

एल्डन टॉलफसनच्या घरातला एकही नळ पूर्ण बंद होत नसे.

एकतीस अर्ज.

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. रायफल नव्हे, रायफलीची नुसती नळी. दस्ता, चाप, दुर्बीण यांतले माझ्याजवळ आता काही उरलेले नाही. सव्वीस इंच पोलाद आणि मधे आरपार भोक, एवढीच मी. माझ्याकडून सलग गोष्टीची अपेक्षा करू नका. नळीला दोन टोकांचे तेवढे दिसते.

माझी रायफल एका गोळीची होती. एक काडतूस घालायचे, दांडा ओढून मागचे दार बंद करायचे, एकदाच झाडायचे. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात लोक एल्डनला हसत. "दुसरी गोळी लागली तर काय करशील रे?" तो म्हणे, "दुसरी लागेल असं वाटलं तर पहिली झाडत नाही." एकतीस हिवाळे त्याने आणि त्याच्या बायकोने, व्हर्नाने, माझ्या भरवशावर घरात मांस आणले. शिकारीहून परतल्यावर तो मला आतून पुसायचा, तेलाचे बोट फिरवायचा. तेव्हा माझे कौतुक होत असे.

मूस मात्र कधी नाही. हा हरणाच्या जातीचा प्राणी घोड्याहून उंच, आणि त्याच्या शिकारीच्या परवान्याची सोडत निघते. दोघे दर वसंतात अर्ज टाकत. दर उन्हाळ्यात नकार येई.

एकतिसाव्या अर्जाच्या वर्षी, मार्चमध्ये, एल्डन गेला. जूनमध्ये व्हर्नाच्या नावाचा परवाना आला. पत्र हातात घेऊन ती स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "आता? आता होय?"

मग तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. नळ, बिजागऱ्या, खुर्च्यांचे पाय, एल्डनने सैल सोडलेले सगळे तिने घट्ट केले. शेवटी मला पुसले, आणि माझ्याखाली पुढच्या हाताने धरायचे जे लाकूड असते त्याचा स्क्रूही आवळला, मनगट दुखेपर्यंत. मला बरे वाटले. कितीतरी दिवसांनी कोणाचा तरी हात लागला होता.

ऑगस्टमध्ये तिने कागदावर नेम धरून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही तीन गावांना गेल्या.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या रॉस्को बेकविथच्या दुकानात तिने रायफल टेबलावर ठेवली.

"ही बिघडलीय."

"ही की तू?"

"मी बिघडले असते तर डॉक्टरकडे गेले असते. तुझ्याकडे कशाला येऊ?"

रॉस्कोने बारीक दिवा घालून, गोळी जिथून नळीत शिरते तिथे आत पाहिले. "घसा जळलाय हिचा. एकतीस वर्षं झाली, व्हर्ना. एवढ्यात तर नवरेसुद्धा…"

"बोल की. नवरेसुद्धा निकामी होतात."

"मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"म्हणायचंच होतं. ते राहू दे. मोसम उघडायला तीन आठवडे आहेत. बशीएवढ्या गोलात तिन्ही गोळ्या बसल्या नाहीत तर मी परवाना परत पाठवणार. जनावर जखमी करून वाळुंजात मरायला सोडणार नाही मी."

"मग नळी बदलू."

मला शिकंज्यात धरले. उरलेल्या रायफलीला लांब पान्हा लावला. काडकन आवाज झाला आणि आटे सुटले. माझ्या पाठीवरची दुर्बीण काढून त्याने बाजूला ठेवली, दुसरीसाठी. काढलेल्या नळ्यांना रॉस्को 'टोमॅटोचे टेकू' म्हणतो. त्यासाठी भिंतीशी एक डबा आहे. आधीचे टेकू त्याच्या बायकोने बागेत नेले होते, म्हणून डब्यात मी एकटी.

तिथून मी नवी नळी घडताना पाहिली. लेथवर तिचे आटे कापले, घसा केसाएवढ्या मापाने खोल केला, तोंडाची कड घासून गुळगुळीत केली. ती देखणी होती. हे मला सांगायचे नव्हते.

रॉस्कोने दुकानामागे तिच्यातून तीन गोळ्या झाडल्या.

पहिली वर.

दुसरी डावीकडे.

तिसरी कागदावरच नव्हती.

त्याने रायफल आत आणून टेबलावर ठेवली. मग जुन्या पाकिटाच्या कागदाची पट्टी कापून त्याने लाकूड आणि नळी यांच्या मधे सरकवली. पट्टी जागेवरून हलेना. लाकूड नळीला दाबून वाकवत होते. त्याने व्हर्नाला बोलावून घेतले.

"या स्क्रूला कोणी हात लावला?"

"मीच. सगळंच सैल पडलं होतं घरात."

"हा सैल पडला नव्हता. एल्डननं मुद्दाम अर्धा फेरा सोडला होता. लाकडाला श्वास हवा, म्हणायचा."

व्हर्ना स्टुलावर बसली. "मग मला सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तू विचारलंस कधी?"

"एकतीस वर्षं मला वाटत होतं, हा माणूस आळशी आहे."

रॉस्कोने लाकूड आतून घासले आणि ते नळीपासून सुटे राहील असा एक छोटा स्क्रू बसवला. पट्टी आता सरसर फिरली. व्हर्नाने तीन गोळ्या झाडल्या. बाटलीच्या बुचाखाली झाकल्या असत्या, इतक्या जवळ.

रॉस्कोने टोपी काढली. "तुझी जुनी नळी चांगली होती. पट्टी मी आधी फिरवायला हवी होती. चूक माझी. म्हणशील तर तीच परत बसवतो, फुकट."

मित्रांनो, मी डब्यात उभी होते.

"मोसम परवावर आलाय," व्हर्ना म्हणाली. "ही लागतेय ना? मग हिला आता हलवू नकोस."

इथे माझ्या गोष्टीत भोक आहे. शिकारीचा दिवस मला ठाऊक नाही.

आठवड्याने ती कागदात बांधलेले मांस घेऊन आली.

"किती गोळ्या?" रॉस्कोने विचारले.

"एक. दोन पावलं चालला आणि बसला." तिने पुडके टेबलावर ठेवले. "एल्डन असता तर म्हणाला असता, जरा उजवीकडे गेली."

"म्हणालाच असता."

जाता जाता तिने मला डब्यातून उचलले, डोळ्याला लावले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहिले. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. मग मला परत ठेवून गेली. मी तिला दोष देत नाही. चालणारी वस्तू कोणी उगाच उघडत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली तर तिला काढून टाकण्याआधी तिच्या शेजारी काय आवळले गेले आहे ते पाहा. कोणी काही सैल ठेवले असेल तर का, ते विचारा, आणि तो माणूस असेपर्यंत विचारा. उपयोग संपलेल्या वस्तूलाही वर्षातून एकदा तेल लावा. माझ्या तोंडाशी या हिवाळ्यात तांबूस ठिपका आला आहे.

ज्या पोलादी कांबीतून मला कापले, तिच्यातून त्याच दिवशी आणखी पाच नळ्या निघाल्या. त्यांना कोणी तेल लावत असेल का?