मांडीवरची जांभळी वर्तुळं

क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात प्रांजली नवी पँट घालून बघत होती, तेव्हा मागच्या आरशात तिला स्वतःच्या मांड्या दिसल्या. वरून झगझगीत उजेड पडत होता. जुन्या गादीत कापूस गोळा झाला की वरचं कापड जसं खालीवर दिसतं, तशी मांडीची कातडी दिसत होती. काहीच न घेता ती बाहेर पडली.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. ती एका शाळेत गणित शिकवायची. फळ्याकडे वळलं की सगळा वर्ग मागून आपल्या मांड्याच बघतोय, असं तिला वाटायचं. अंगात सलवार असायची, कुणाला काही दिसणं शक्यच नव्हतं. तरी उदाहरण अर्धवट टाकून ती मुलांकडे तोंड फिरवायची.

याला सेल्युलाइट म्हणतात, हे मोबाईलनं सांगितलं. मग जाहिराती सुरू झाल्या. तिनं कॉफीपूड चोळली, क्रीम लावलं, रात्रीचं जेवण सोडलं. वजन उतरलं, खळगे मात्र हलले नाहीत. नवरा अंगद बाथरूमचं दार वाजवायचा, तेव्हा ती आत मान वळवून आरशात बघत उभी असायची.

शेवटी ती औरंगपुऱ्यातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीनं मशीनला जोडलेला कप मांडीवर फिरवला. कप कातडी आत ओढून घ्यायचा. यानं साचलेली चरबी फुटते, असं मुलगी सांगत होती. खूप दुखलं. दुखतंय म्हणजे गुण येतोय, अशी प्रांजलीनं मनाची समजूत घातली. घरी येईपर्यंत दोन्ही मांड्यांवर जांभळी वर्तुळं उमटली होती.

त्याच आठवड्यात तिची आई, बानाबाई, डोळे तपासायला दौलताबादहून आली. अंघोळीनंतर प्रांजली कपडे बदलत असताना ती टॉवेल घ्यायला खोलीत शिरली आणि जागीच थांबली. स्कूटीवरून पडले, असं प्रांजली म्हणाली. बानाबाईची धाकटी बहीणही एकेकाळी असंच पडल्याचं सांगायची, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं होतं.

संध्याकाळी अंगद वाळूजच्या कंपनीतून घरी आला. तो बूट काढत होता तेवढ्यात बानाबाई समोर येऊन उभी राहिली.

"अंगदराव, लेकीला मी उद्या घरी नेते. तुम्ही हात उचललाय तिच्यावर. मांड्यांवरचे डाग मी डोळ्यानं बघितलेत."

अंगदनं प्रांजलीकडं पाहिलं. तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मशीननं मांड्या ओढून घेतल्या, हे या दोघांसमोर कुठल्या तोंडानं सांगायचं? ती दुपट्ट्याचं टोक पिळत राहिली. अंगदचा चेहरा उतरत गेला. बानाबाई पिशवी भरायला आत वळली, तेव्हा कुठं प्रांजलीच्या तोंडून शब्द फुटले.

"माय, त्यांनी काही नाही केलं. हे मी पैसे देऊन करून घेतलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. हा कसला आजार, असं बानाबाईनं विचारलं. आजार नाही, असं ती म्हणाली. मग कशापायी केलं, असं बानाबाईनं विचारलं, तेव्हा ती दुकानातल्या आरशाचं पुन्हा सांगू लागली.

अंगद गॅलरीत जाऊन उभा राहिला. ती मागं गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तू गप्प होतीस ना, तेवढ्या वेळात मला वाटलं, आपण खरंच काही केलं असेल आणि आपल्याला आठवत नसेल."

सकाळी बानाबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"माझं चुकलं, जावईबापू."

"तुम्ही विचारलं ते बरं केलं, मामी. मावशींच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं."

त्यानं सुट्टी काढली आणि तिघं मिळून त्वचेच्या डॉक्टरांकडं गेली. प्रांजली एकटीच आत गेली. कातडीखाली ताठ धागे असतात, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. ते कातडीला खाली ओढतात आणि मधली चरबी वर येते, म्हणून खळगे दिसतात. हे बहुतेक सगळ्याच बायकांना असतं, बारीक बायकांनाही. क्रीमनं ते जात नाही. कपानं सूज येते, त्या सुजेत खळगे चार दिवस झाकले जातात, एवढंच. जागा बधिर करून ते धागे सुईनं कापता येतात. त्याचा परिणाम जास्त टिकतो, पण जांभळे डाग त्यातही पडतात आणि सगळेच खळगे भरत नाहीत.

"करायचं असेल तर करू," त्या म्हणाल्या, "पण घाबरून करू नका."

हे ऐकून हायसं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पार्लरवाल्या मुलीचा राग आला, स्वतःचाही आला, आणि ती सुई किती दुखत असेल हा विचारही मनातून जाईना.

बाहेर बाकावर बानाबाई पदर सावरून बसली होती. लई दुखतंय का, एवढंच तिनं विचारलं. आता कमी आहे, असं प्रांजली म्हणाली.

रिक्षात तिनं डॉक्टरांचं सगळं बोलणं अंगदला सांगितलं, आईसमोरच, काही न गाळता.

"मग करायचंय का तुला?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. कधी वाटतं करावं, कधी वाटतं नको."

"ठरलं की सांग."

"सांगेन," ती म्हणाली.