बंद गाडीचा उजेड

माझी मोटारसायकल बंद केल्यावरही थोडीशी जागी राहायची. किल्ली खिशात, हँडल लॉक, आणि तरी चारही इंडिकेटर मंद केशरी मिणमिणत असायचे. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून आहे. तिथे भर दुपारीही झाडांमुळे अंधारून आल्यासारखं असतं. त्या सावलीत तिच्याकडे बघितलं की वाटायचं, ही डोळे मिटून पडलीय खरी, पण हिला झोप लागलेली नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. मग बॅटरी उतरायला लागली.

त्या रविवारी मात्र ती दुरुस्त करणं भागच होतं, कारण मी घर सोडून चालले होते. पवईला माझ्या ऑफिसजवळ माझी मैत्रीण दीप्ती राहते, तिच्याकडे एक खोली रिकामी होती. माझी भरलेली सॅक खाली जिन्याच्या पायरीवर ठेवलेली होती.

बाबा माझ्याशी बोलत नव्हते. "मोटारसायकल आणलीस तर माझ्याशी बोलू नकोस," असं ते म्हणाले होते. मी आणली, आणि आमच्याकडे सगळे शब्दाचे पक्के. आई असती तर दोघांना एकेक टपली मारून जेवायला बसवलं असतं. ती गेल्यापासून घरात कुकर तेवढा बोलायचा. रोज मी आरे कॉलनीच्या झाडीतून पवईला जायची, यायची. बाबा गॅलरीत पेपर धरून उभे असायचे, आणि मी जिना चढेपर्यंत आत गेलेले असायचे. माणसाला आपलं काही पडलेलंच नाही असं धरून किती दिवस राहायचं? मी चिडले होते, आणि त्याहून जास्त मला वाईट वाटत होतं.

एलईडी इंडिकेटर मीच बसवले होते, त्यामुळे शिव्या घालायलाही दुसरं कोणी नव्हतं. आधी इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरवर संशय घेतला. तो काढून ठेवला, तरी उजेड तसाच. मग मागचा डावा इंडिकेटर सोडवला. उरलेले तिघे शांतपणे मिणमिणत राहिले. ऑक्टोबरचा उकाडा होता, हवा अंगाला चिकटत होती. भिंतीपलीकडे कुठलासा पक्षी एकच सूर लावून बसला होता. मला पेंग येत होती, हात आपोआप चालले होते, आणि क्षणभर वाटलं की आई मागे उभी आहे आणि विचारतेय, काय गं, जेवलीस का?

वळून बघितलं तर कोणी नव्हतं. वर पहिल्या मजल्यावर बाबांचा पेपर तेवढा दिसत होता.

मी सीट काढली. खाली, वायरींचा जोड असतो तिथे, एक ओली पुरचुंडी खुपसलेली होती. तिचं पाणी जोडात झिरपून तांब्याच्या तारांवर हिरवं साचलं होतं. मोबाइल चार्जरसाठी बॅटरीवरून थेट घेतलेली वायर तिथूनच जाते. तिचा करंट त्या ओलीतून इंडिकेटरमध्ये पाझरत होता. जुना बल्ब असता तर एवढ्याशा करंटने त्याला जागही आली नसती. एलईडीला चिमूटभरही पुरतं.

पुरचुंडी सोडली. आत मीठ आणि मोहऱ्या. दमट हवेने मिठाचं पाणी झालं होतं. बांधलं होतं ते कापड म्हणजे बाबांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल, इस्त्रीची घडी अजून कोपऱ्यात दिसत होती.

बाबांचा! घरात देव्हाऱ्यालाही आईच हात लावायची. आई आमची दृष्ट काढायला लागली की बाबा "चला, विज्ञानाचा तास संपला," म्हणायचे.

"बाबा," मी वर बघून हाक मारली. "हे तुम्ही ठेवलंत?"

पेपर खाली आला.

"मीठ असं ठेवून द्यायचं नसतं हो. ओवाळून टाकून द्यायचं असतं."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ते म्हणाले, "मला कुठे माहीत? तुझी आई करायची तेव्हा मी पेपर वाचत असायचो."

इतक्या महिन्यांनी ऐकलेला तो आवाज थोडा गंजला होता. मी पाना खाली ठेवला. "मग आता नीट काढा," मी म्हणाले. "गाडीची नको. माझी."

ते खाली आले. पायजमा, बनियन, दोन्ही मुठी बंद. पायरीवरच्या सॅककडे त्यांनी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. माझ्यासमोर उभे राहिले.

"म्हणायचं काय असतं?"

"आई पुटपुटायची. मला कधी ऐकू आलं नाही."

ते थोडे गोंधळले. मग डोळे मिटून मुठी माझ्याभोवती फिरवायला लागले आणि हळूहळू म्हणायला लागले, "हायवेवरून आरेत वळतानाची... पिकनिक पॉइंटच्या पुढच्या वळणाची... तबेल्यासमोरच्या खड्ड्याची... त्याच्या पुढे झाड वाकलंय, त्याखालच्या ओल्या पानांची... पवईकडे उतरताना मागून येणाऱ्या डंपरची..."

सगळा माझा रस्ता होता. एक वळण सुटलं नाही.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"बसने जाऊन आलो."

"कधी?"

"जातो अधूनमधून," बाबा म्हणाले. "खड्डे बदलतात ना."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्यांच्या दोन्ही मुठींत मीठ होतं, त्यामुळे त्यांना मला जवळही घेता येईना. ते तसेच हात वर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ती सॅक वर घेऊन चल. मी कुकर लावतो."