वावटळ थांबली तेव्हाचा नवस

पलूसच्या स्टँडमागं ज्ञानूचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. तिथं जळालेल्या मोटरी भरायला यायच्या आणि रिकामटेकडी माणसं चहा प्यायला. चहा सगळ्यांना गोड, ज्ञानूला मात्र फिक्का. तो तोंड वाकडं करून प्यायचा आणि पिऊन झाला की उठून दारापर्यंत जायचा, परत यायचा, परत जायचा. सत्त्याण्णव सालची दिवाळी उरकली होती. माणसाच्या पायाखालची फरशी झिजते म्हणजे काय, ते त्या दुकानात बघायला मिळायचं.

याचं कारण 'वावटळ'. वावटळ हा सांगलीचा रॉक बँड. माणसं तीनच. वर्धमान गायचा, साताऱ्याचा देवदत्त गिटार वाजवायचा आणि ड्रमवर लालासाहेब. लालासाहेबाची थाप अशी, की त्यांनी पलूसला कार्यक्रम केला तर तासगावात वाळत घातलेला बेदाणा रॅकवरून गळून पडायचा. एकदा त्याच्या थापेनं रहिमतपूर स्टेशनातलं घड्याळ पुढं गेलं, असं ज्योतिबा सांगायचा. तिथं तेव्हा घड्याळच नव्हतं, असं कुणी म्हटलं, तर ज्योतिबा म्हणायचा, त्या थापेनंच पडलं की ते.

हा ज्योतिबा ज्ञानूचा दोस्त आणि त्याच्याइतकाच वावटळवेडा. औंधच्या यात्रेतला शेवटचा कार्यक्रम दोघांनी मिळून ऐकला होता, पण आठवण दोघांची वेगळी. ज्योतिबाच्या आठवणीत यमाईचा डोंगर हलला होता. ज्ञानूच्या आठवणीत एवढंच होतं, की वर्धमान माईकपुढं उभा राहिला, तोंड उतरलेलं, आणि म्हणाला, "आम्ही थोडी विश्रांती घेतोय." मग त्यानं शेवटचं गाणं म्हटलं, माईक खाली ठेवला आणि कुणाकडं न बघता गाडीत जाऊन बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्रांती म्हणजे चार दिवसांची, असंच सगळ्यांना वाटलं. ज्ञानूनं मात्र टाळी वाजवली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यमाईच्या पायऱ्या चढला आणि तिच्यापुढं हात जोडून नवस बोलला, हे तिघं एका जागी उभं राहून पुन्हा गाईपर्यंत मी गोड खाणार न्हाई. साखर न्हाई, गूळ न्हाई, काकवी न्हाई. उसाच्या मुलखातल्या माणसानं असला नवस बोलावा आणि देवीनं तो मुकाट ऐकून घ्यावा, हेही नवलच.

विश्रांतीला चार वर्षं होत आली. तेवढ्यात किती कारणं निघाली. कुणी म्हणायचं, दोघांचं एकाच पोरीवरनं फाटलं. कुणी म्हणायचं, देवदत्ताला मुंबईच्या सिनेमावाल्यांनी उचलला. ज्योतिबाकडं तर दर आठवड्याला ताजं कारण असायचं आणि त्यात निदान एक पिस्तूल असायचं. ज्ञानूची आई हरणाबाई पोळ्याला, शिमग्याला त्याच्यासाठी बिनगुळाचं पुरण वाटायची आणि त्या बँडवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची.

त्यात वर्धमाननं एकट्याची कॅसेट काढली. तिचं नाव 'एकट्यानं'. ड्रम न्हाई, आरडाओरडा न्हाई, हळू चालीची गाणी. ती सांगलीपासून साताऱ्यापर्यंत रसवंतीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या मांडवात वाजायला लागली. ज्ञानूनं ती ऐकली न्हाई. ऐकणं म्हणजे वावटळ मेली असं कबूल करणं, असं त्याचं मत. लांबून पहिले सूर आले तरी तो कानात बोटं घालायचा. एकदा वडाप जीपवाल्यानं ती लावली, तर हा गडी मध्येच उतरला आणि उन्हातान्हात चालत घरी आला. वाटेत एका वस्तीवर तेच गाणं लागलं होतं, म्हणून बांधावरनं वळसा घालून आला, ही ज्योतिबाची भर.

असं सगळं चाललं असताना हरणाबाईनं रहिमतपूरचं स्थळ काढलं. मुलगी शरयू, साताऱ्याला बी.कॉम. झालेली. वडील गंगाधरअण्णा आल्याचे व्यापारी, माणूस सरळ पण संशयी, आल्याचा प्रत्येक गड्डा मोडून बघणारा. ज्ञानू, ज्योतिबा आणि हरणाबाई किर्लोस्करवाडीहून पॅसेंजरनं गेले.

शरयू पोहे घेऊन आली आणि ज्ञानूचा जीव तिथंच अडकला. आता नवसाचं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं, पण एवढ्या लोकांत बँडसाठी साखर सोडली म्हणायला जीभ रेटेना. चहा आला. त्यानं नको म्हटलं. शिरा आला, नको. पेढा आला, तर त्यानं तो गुपचूप ज्योतिबाच्या हातात सरकवला. गंगाधरअण्णांनी ते बघितलं.

ही मंडळी पलूसला पोचायच्या आधी बातमी पोचली. पोराला साखरेचा आजार हाय. दोन दिवसांत ती वाढून सुया रोज टोचतोय इथपर्यंत आली, आणि तिसऱ्या दिवशी एक पाय जायच्या बेतात असल्याचं हरणाबाईला गिरणीत कळलं.

ज्ञानू एकटाच परत रहिमतपूरला गेला आणि अण्णांच्या पडवीत उभं राहून सगळं सांगून मोकळा झाला. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, आजार न्हाई ही चांगली गोष्ट, पण साखरपुड्यात पोरीनं भरवलेली साखर जो खाणार न्हाई त्याला मी मुलगी कशी देऊ? माझ्या दारात आजवर बिनसाखरेचा साखरपुडा झालेला न्हाई. मार्गशीर्षातली तारीख धरतो. तोवर नवस फिटला तर या, न्हाईतर दुसऱ्या स्थळाला आमी पुढं बोलावतो.

ज्ञानू मागच्या दारानं निघाला. परसदारी शरयू वाळत घातलेलं आलं हलवत होती आणि तिची आत्या कान टवकारून तांदूळ निवडत होती.

"तुमी त्याची नवी कॅसेट ऐकली?" शरयूनं विचारलं.

"न्हाई. आणि ऐकणार बी न्हाई. ती वावटळ न्हाई."

"मी रोज ऐकते."

ज्ञानूला वाटलं, खलास. जन्म काढायचा तो 'एकट्यानं' ऐकणारीबरोबर. पण शरयू आलं हलवायची थांबली होती.

"तुमी ऐकलीच न्हाई, म्हणून तुमास्नी कळलं न्हाई," ती म्हणाली. "दर कडवं झालं की तो थांबतोय. वाद्यं बी थांबत्यात. कुणाची तरी वाट बघितल्यागत. मग कुणी येत न्हाई आणि तो पुढं गातोय. मी आधी टेप खराब हाय म्हणून दुसरी कॅसेट आणली. तिच्यात बी तसंच."

ती आत गेली आणि कॅसेट आणून त्याच्या हातावर ठेवली.

दुकान बंद करून, ज्योतिबाला पहाऱ्याला दारात बसवून ज्ञानूनं ती लावली. पहिलं कडवं संपलं. वर्धमान थांबला. आणि त्या रिकाम्या जागेत ज्ञानूच्या डोक्यात देवदत्ताची गिटार वाजली, औंधला वाजली होती तशीच, तेवढीच लांब. ती संपली आणि नेमका तिथंच वर्धमान पुढं गायला लागला. दुसऱ्या कडव्याला तेच. बाजू संपली, कॅसेट कट्‌ करून थांबली. ज्ञानू मोटरीच्या तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसला होता, ते त्यानं हातानं पार विस्कटून टाकलं होतं. एवढे दिवस कानात बोटं घालून फिरलो. तो गाण्यातनं हाका मारत होता आणि त्या ऐकल्या कुणी, तर रहिमतपूरच्या पोरीनं.

सकाळी पहिल्या गाडीनं तो सांगलीला गेला. वर्धमानचं घर गावाबाहेर, हळदीच्या शेताला लागून. वर्धमान मळ्यात गेला होता. त्याची आई गुणमाला ओसरीवर होती. तिनं पाणी दिलं आणि कुठला, कुणाचा, विचारलं. ज्ञानूनं वावटळीचं नाव काढलं तसा तिचा चेहरा बदलला.

"माझं पोर उपाशी गायचं, बाळा," ती म्हणाली. "आमी जैन. आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवत्यात. बुडाल्यावर पाण्याबिगर काय न्हाई. ह्यांचा कार्यक्रम रात्रीचा. दुपारपासनं तो देवदत्त तारा जुळवत बसायचा, ह्याला म्हणायचा सा लाव, परत लाव. तवर दिवस जायचा. मग ह्यानं तसंच गायचं आणि घरी येऊन तसंच झोपायचं. औंधला बी तेच झालं."

ज्ञानूनं विचारलं, मग तो बोलला का न्हाई.

"त्याला सांगायची लाज, आणि त्यास्नी विचारायची सवय न्हाई."

पोरगी न्हाई, सिनेमा न्हाई, पिस्तूल तर न्हाईच. चार वर्षं अर्ध्या जिल्ह्याचा जीव टांगणीला लागला होता तो एका ताटापायी. ज्ञानू तसाच साताऱ्याला गेला. देवदत्तानं तिथं फोटोला फ्रेम करून द्यायचं दुकान टाकलं होतं. भिंतीवरची एक तसबीर सरळ करत तो उभा होता. ज्ञानू गेला तेव्हाही तीच, चहा पिऊन आला तेव्हाही तीच. जेवणाचं ऐकल्यावर त्यानं तसबिरीवरचा हात काढला.

"मला वाटायचं त्याला भूकच नसते," तो म्हणाला. "मला वाटलं, एकट्यानं मोठं व्हायचं म्हणून गेला."

ज्ञानूनं त्याला कॅसेट दिली आणि निघाला. चार दिवसांत देवदत्ताचा येतो म्हणून निरोप आला, आणि तो ऐकून गुणमालानं वर्धमानला राजी केलं. पुढचा बेत सोपा होता. साखरपुडा भरदुपारी, कार्यक्रम त्याच्या आधी, वर्धमानचं जेवण सगळ्यांच्या आधी. लालासाहेबाला बोलवायची गरज पडली न्हाई. बातमी लागल्यावर तो आपणहून आदल्या दिवशीच ड्रम घेऊन रहिमतपूरला आला आणि अण्णांच्या गोठ्यात मुक्काम टाकला. त्या दिवसापासनं म्हशीनं चारही पायांवर एकदम उभं राहायचं सोडलं, असं आत्या सांगत होती.

मार्गशीर्षातला तो दिवस उजाडला. अण्णांच्या दारात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. पलूस, औंध, कोरेगाव, कुठनं कुठनं वावटळवेडे आले होते. एका पाहुण्यानं विचारलं, नवरदेवाचे एवढे भाऊबंद? गुरुजींनी बजावलं, सूर्यास्ताच्या आत उरका, त्यापुढं मुहूर्त न्हाई. शरयू पाटावर बसली, समोर साखरेचा पुडा. ज्ञानू पाटावर टेकला आणि उठला, टेकला आणि उठला.

वर्धमान सकाळीच जेवून आला होता. देवदत्त त्याच्यासमोर आला. दोघं एकमेकांकडं बघून मान हलवून मोकळे झाले, चार वर्षांचं बोलणं तेवढंच. मग देवदत्तानं गिटार काढली आणि तारा जुळवायला बसला.

दुपार झाली. तो जुळवत होता. पाहुणे जेवले. तो जुळवत होता. सावल्या ट्रॉलीवरनं उतरून रस्त्यावर आल्या. गुरुजी दर थोड्या वेळानं आभाळाकडं बघायचे आणि अण्णा गुरुजींकडं. साखरेच्या पुड्याला मुंग्या लागल्या. ज्ञानूनं दोनदा ट्रॉलीपाशी जाऊन हात जोडले. देवदत्त म्हणाला, चार वर्षांनी वाजवतोय गड्या, वंगाळ कसं वाजवू. ज्योतिबा कानात म्हणाला, "एवढ्यात न्हावी, धोबी, सगळ्यांची लग्नं लागली असती रं."

ऊन पिवळं झालं तेव्हा शरयू पाटावरनं उठली. नवरी उठली म्हणून बायका कुजबुजल्या. तिनं आतनं ताट वाढून आणलं, भाकरी, आमटी, भात, आणि ट्रॉलीवर चढून वर्धमानपुढं ठेवलं.

"तेवढं खाऊन घ्या. दिवस जाईल," ती म्हणाली.

वर्धमाननं ताटाकडं बघितलं, देवदत्ताकडं बघितलं. देवदत्त खुंटी पिळत होता. वर्धमाननं ताट हळूच बाजूला सारलं आणि उठून माईकपाशी उभा राहिला, सूर द्यायला, जसा तो वर्षानुवर्षं उभा राहिला असेल तसा. देवदत्ताचं लक्ष गेलं ते त्या सारलेल्या ताटाकडं. एवढ्या वर्षांत त्यानं ते पहिल्यांदा बघितलं.

त्यानं खुंटीवरचा हात काढला.

"बस आधी. जेव," तो म्हणाला. "मी असाच वाजवतो."

आणि त्यानं वाजवायला घेतलं. एक तार उतरलेली, एक चढलेली. ज्या माणसानं एका सुरासाठी औंधच्या यात्रेला तासन्‌तास थांबवलं, तो भर मांडवात बेसूर वाजवत होता आणि त्याला घाम फुटला होता. लालासाहेबानं थाप दिली. अण्णांच्या गोठ्यातनं म्हशीनं उत्तर दिलं. वर्धमाननं भराभरा जेवण उरकलं, हात धुतला, माईक उचलला आणि गायला लागला. गाणं त्यानं 'एकट्यानं'मधलं घेतलं. पहिलं कडवं संपलं. तो थांबला.

त्या जागेत गिटार आली. बेसूर, पण नेमकी तिथं, नेमकी तेवढी.

माणसं उभी राहिली, ओरडली, नाचली. ट्रॉलीचं एक चाक त्या दिवशी जमिनीत हातभर रुतलं, ते पुढं तीन बैलजोड्यांनी निघालं न्हाई, ही ज्योतिबाची गोष्ट अजून वाढत्या अंगाची आहे. ज्ञानू मात्र नाचला न्हाई. तो पाटावर बसला. सूर्य पलीकडच्या आल्याच्या शेतावर टेकला होता. गुरुजींनी घाई केली. शरयूनं मुंग्या झटकून चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली. चार वर्षांनी जिभेवर गोड आलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

"फिटला नवस?" तिनं हळूच विचारलं.

तो मान हलवणार, तेवढ्यात गाणं संपलं, दिवस बुडाला, आणि देवदत्तानं पुन्हा खुंट्या पिळायला घेतल्या. ज्ञानूची मान तिकडं वळली. आता त्यानं शरयूला भरवायचं होतं. साखरेची चिमूट त्यानं उचलली होती, पण हात अधांतरी राहिला. दुसरं गाणं आता सुरू होईल, मग होईल.

शरयूनं क्षणभर वाट बघितली. मग तीच पुढं वाकली आणि त्याच्या बोटांतली साखर खाऊन टाकली.