ज्याला ओढलं, त्याचा दोर

मी दोर बोलतोय. तुम्ही म्हणाल, दोराला कसलं आलंय आत्मवृत्त? बांधायचं आणि ओढायचं, संपलं. खरं आहे. पण माझ्या आयुष्यातली बरीच वर्षं मी यातलं फारसं काही केलं नाही. एका बेकरीच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होतो. तिथून जे ऐकलं, ते आजवर पोटात ठेवलं. आता ठेववत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्राने माझ्यात पीळ भरला, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे बसवले आणि हार्डवेअरच्या दुकानात रवानगी केली. तिथून मला गुरांच्या डॉक्टरांनी विकत घेतलं. डॉक्टर डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जनावरं तपासायला जायचे. त्यांच्याकडे एक जुनी, चौकोनी जीप होती. रंग उडालेला, दारं खडखडणारी, पण दगडधोंडे असोत की गुडघाभर पाणी, गाडी आपली चाललीय.

माझं पहिलं काम म्हणजे चिखलात रुतलेली एक गाय. तिला बाहेर काढून परत येताना वाटेत दुसरी जीप अडकलेली दिसली. लाल रंगाची, ऐटबाज, पुढे दोन मोठे दिवे. शेजारी डॉक्टरांचे लहानपणापासूनचे दोस्त, बेकरीचे मालक, कमरेवर हात ठेवून उभे. त्यांना सगळे पाववाले म्हणायचे. डॉक्टरांनी मला तिकडे जोडलं, गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "गाईने निदान पाय तरी मारले रे. तुझी महाराणी नुसती बसून होती."

त्या दिवसापासून लाल जीपचं नाव महाराणी पडलं. पाववाल्यांनी लगेच हिशोब चुकता केला आणि डॉक्टरांच्या जीपला खेचर म्हणायला सुरुवात केली.

दोघांचा वाद एकच. डॉक्टर म्हणायचे, "गाडी भरवशाची हवी. चावी फिरवली की चालू, बस." पाववाले म्हणायचे, "भरवसा तर माझ्या भट्टीच्या दाराचाही आहे. गाडीला स्वभाव हवा. महाराणीला आदल्या दिवशी रागावलो ना, तर दुसऱ्या दिवशी चालू होत नाही. तुझं खेचर म्हणजे भांडं आहे, भांडं." जीपवाल्यांची सगळी टोळी चहा पिताना यावर हसायची. प्रत्येकाला आपलीच गाडी सोन्याची. आपला तो बाब्या.

मग टोळीने एक नियम काढला. ज्याला ओढलं, त्याने दोर घरी न्यायचा, चारचौघांना दिसेल असा टांगायचा, आणि दुसऱ्याला ओढेपर्यंत सांभाळायचा. असा मी पाववाल्यांच्या बेकरीत आलो. भट्टीच्या बाजूला, बरण्यांच्या वर, नेमका गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अजून तुमच्याकडेच का?" पाववाले म्हणायचे, "अहो, पाहुणा आहे. जाईल एक दिवस."

पण मी गेलो नाही. महाराणी अधूनमधून रुसायची. मग मला खिळ्यावरून काढायचं, खेचराने ओढायचं, आणि पुन्हा खिळ्यावर. खेचर कधी अडकलंच नाही. डॉक्टर मिरवायचेही भरपूर. पाववाल्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही, पण एक इच्छा होती. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते म्हणायचे, "एकदा तरी डॉक्टरने मला हाक मारावी. एकदाच. मग महाराणी भंगारात गेली तरी चालेल."

आणि एके दिवशी एक ट्रॅक्टरवाला पाव घ्यायला आला. मला बघून हसला. म्हणाला, "काय शेठ, दोर अजून इथेच? काल तुमच्या डॉक्टरांना मीच ओढलं की. नदीच्या पात्रात जीप पार दारापर्यंत रुतली होती. पैसे देत होते, वर म्हणाले, कुणाला बोलू नकोस."

पाववाल्यांच्या हातातला पाव हातातच राहिला. मग त्यांनी तो नीट कागदात बांधला आणि म्हणाले, "मग नका ना बोलू. शब्द दिलाय तर पाळा."

नदीचं पात्र बेकरीपासून हाकेच्या अंतरावर. महाराणी दारात उभी होती. मी खिळ्यावर होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण दोर आहोत आणि आपला काही उपयोग नाही.

पाववाल्यांनी ही गोष्ट टोळीत सांगितली नाही. सांगितली असती तर डॉक्टरांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. रविवारी डॉक्टर नेहमीसारखे चहाला आले, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, खेचर कधी रुतलं का?"

"छे," डॉक्टर म्हणाले. "नाव नको."

"बरं," पाववाले म्हणाले आणि त्यांच्या बशीत अजून दोन बिस्किटं ठेवली.

पुढे दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. डॉक्टरांना वाटायचं, दोस्त चेष्टा करतोय. अहो, चेष्टा कुठली? तो दार उघडून धरत होता. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितलं असतं.

मग पाववाल्यांना खोकला लागला. जन्मभर पीठ छातीत गेलेलं, ते आता बाहेर यायला बघत होतं. दम पुरेना. वहिनींनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. तरी रविवार आला की ते भिंतीला धरून बाहेर जायचे, महाराणी चालू करायचे, थोडा वेळ तशीच घुरघुरत ठेवायचे. वहिनी चिडायच्या, "कुठे जायचंय तुम्हाला?" ते म्हणायचे, "कुठे नाही. तयार असलेली बरी."

शेवटी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी मला खिळ्यावरून काढून खाटेजवळच्या खुर्चीवर ठेवायला लावलं. डॉक्टर आले. बसायला जागा हवी म्हणून मला उचलून मांडीवर घेतलं.

"काय रे," पाववाल्यांनी विचारलं, "खेचर कधी रुतलं का?"

डॉक्टर माझा आकडा बोटांनी चाचपू लागले. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. बोला हो, माझा जीव टांगणीला लागलाय.

"माझं खेचर?" ते हसून म्हणाले. "तू बरा हो आधी. मग बघू कोण रुततं ते."

"बरं," पाववाले म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याच आठवड्यात ते गेले.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, मी पुन्हा खिळ्यावर गेलो, आणि एका सकाळी डॉक्टर बेकरीत आले. भट्टी थंड होती. वहिनी रिकामे ट्रे पुसत बसल्या होत्या.

"वहिनी, तो दोर द्या. तो माझ्याकडे असायला हवा होता," डॉक्टर म्हणाले. "मी रुतलो होतो. नदीत. ट्रॅक्टरने ओढलं. एवढी वर्षं मिरवलं, मग लाज वाटली. दर वेळी म्हणायचो, पुढच्या रविवारी सांगू."

वहिनींनी फडकं बाजूला ठेवलं. "ह्यांना माहीत होतं, भाऊजी."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. ट्रॅक्टरवाला पाव न्यायला आला होता."

डॉक्टर पिठाच्या पोत्यावर बसले. "मग बोलला का नाही माझ्याशी?"

"दर रविवारी विचारत तर होते," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवायचे. म्हणायचे, डॉक्टरची हाक आली तर उशीर नको."

डॉक्टर लहान मुलासारखे रडले. वहिनींनी त्यांना रडू दिलं. मग स्वतः उठून मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

आता मी खेचराच्या पुढच्या बंपरवर असतो, सगळ्यांना दिसेल असा. ऊन लागतं, रंग विटलाय, एका टोकाचे धागे सुटलेत. टोळीतलं कुणी विचारतं, "डॉक्टर, तुम्हाला कुणी ओढलं?" ते म्हणतात, "पाववाल्याने." खोटं आहे, पण मी खपवून घेतो. रविवारी ते बेकरीसमोर गाडी थांबवतात, लाल जीपवरची धूळ पुसतात आणि चहा न घेताच निघून जातात.

माझं ऐकाल तर एक करा. रुतलात की पहिली हाक दोस्ताला मारा. तो हसेल, चार दिवस चिडवेल. चिडवू दे की.

मला मात्र इथून सुटका नाही. नियमच तसा आहे. दुसऱ्याला ओढेपर्यंत दोर त्याच्याकडेच राहायचा, आणि डॉक्टरांनी आता ओढावं तरी कुणाला?